पाठकोरा दाखला

रविवार, २

आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या साप्ताहिक पत्रकाचं शेवटचं पान यापुढे मी लिहायचं, असं ठरलं आहे. ही बातमी पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना दिली. बायकोने जेवताना तिला दुजोरा दिला. तिला ती गुरुवारपासूनच माहीत होती.

सदराचं नावही वरूनच ठरून आलंय: 'घरातले दाखले'. "मोठं काही नको," पाळकसाहेब म्हणाले. "चहा उतू गेला, किल्ली हरवली, कुणी रुसलं. रोजच्या घरात प्रभू काय शिकवतो, ते तीनशे शब्दांत. प्रभूने तरी दाखले कशाकशाचे दिले? पीठ, मीठ, दिवा, हरवलेलं नाणं. मजकूर गुरुवारी बारापर्यंत कार्यालयात, टायपिस्टबाईंकडे."

'गुरुवारी बारापर्यंत' हे शब्द कानावर पडले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. सदतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांची वाक्यं कापली. स्वतःचं असं एकही लिहिलं नाही. निवृत्त झाल्यापासून घरात कापायला काही उरलेलं नाही. भाजी चिरायला बसलो, तर ही म्हणते की तुकडे मथळ्यासारखे मोठे होतात.

घरात आम्ही चौघं. ही मुलांच्या वॉर्डात मुख्य परिचारिका. तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचे नाना आणि माझे सासरेबुवा, यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि अजूनही खिडकीशी बसून करतात. आणि मुलगी, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. वकील मला व्हायचं होतं, ते राहून गेलं. तिला प्रवेश मिळाला त्या दिवसापासून मी तिला 'वकीलसाहेब' म्हणतो.

"काय वकीलसाहेब, आपलं काय म्हणणं?" मी विचारलं.

"आमचेच दाखले का?" ती ताटात बघत म्हणाली. "तुमचे लिहा ना."

"मी लिहिणारा माणूस. मला काय होतंय?"

यावर सासरेबुवांना ठसका लागला. पाणी दिलं.

बुधवार, ५

तीन दिवस वही घेऊन स्वयंपाकघरात बसतोय. काहीही घडत नाही.

"अहो, असं टक लावून बसलात तर दूधसुद्धा लाजून उतू जायचं नाही," ही म्हणाली.

सासरेबुवांनी मदतीचा हात पुढे केला. "जावईबापू, माझा चष्मा हरवू का? सांगा, आत्ता हरवतो. सापडला की तुम्ही लिहा."

"नाना, तो तुमच्या कपाळावर आहे."

"म्हणूनच म्हणतो, सापडायला सोपा जाईल."

शेवटी वकीलसाहेबच उपयोगी पडल्या. सकाळी बाथरूममध्ये पाऊण तास. बाहेर आम्ही तिघं टॉवेल घेऊन रांगेत. सासरेबुवा म्हणाले, त्यांच्या एका गिऱ्हाइकाचं घड्याळ एवढ्या वेळात दोनदा बंद पडून चालू झालं. मला एकदम सुचलं: थांबणं हीसुद्धा एक प्रार्थनाच. तीनशे चार शब्द झाले. चार कापले.

ही पोरगी हल्ली सातलाच घराबाहेर पडते. तासिका दहाच्या असतात. वाचनालयात जात असावी. दोन बोटांना पट्टी आहे. कायद्याची पुस्तकं जड असतात.

रविवार, ९

छापून आलं! लोक हसले, दोघा-तिघांनी पाठ थोपटली. बेकरीवाले काका तर चर्चच्या पायरीवरच वकीलसाहेबांना म्हणाले, "काय गं, आज आंघोळ लवकर आटोपली वाटतं?" उपासनेत आमच्या शेजारच्या दोन बाकांवर बसणाऱ्या बायकाही हसल्या. तीही हसली. मग पुढे निघून एकटीच चालत घरी आली.

जेवताना तिने अर्ज मांडला. यापुढे या घरात कुणी बोलायच्या आधी 'छापायचं नाही' असं म्हटलं, तर ते बोलणं छापायचं नाही. बायकोने अनुमोदन दिलं. सासरेबुवांनी हात वर केला. तीन विरुद्ध शून्य. मी तटस्थ राहिलो. मनातून कौतुक वाटलं. मुद्दा किती नेमका मांडला! वकिली रक्तात लागते.

मंगळवार, ११

"छापायचं नाही, पण दूध संपलंय," ही.

"छापायचं नाही, पण माझा डावा मोजा कुणी घातलाय?" सासरेबुवा.

वकीलसाहेब काहीच बोलल्या नाहीत. नियम त्यांनीच केला आणि सगळ्यात कमी त्याच वापरतात.

गुरुवार, १३

काल संध्याकाळी देवाने मजकूर घरपोच पाठवला.

वकीलसाहेब डोळा चोळत दारातून आत आल्या. हातातलं सगळं टेबलावर टाकलं आणि "आई, डोळ्यात काहीतरी गेलंय" म्हणून खुर्चीत बसल्या. हिने दिव्याखाली मान धरली, पापणी उलटी केली, ओल्या कापसाने हळूच टिपलं. केवढंसं कुसळ! सासरेबुवांनी लगेच भिंग डोळ्याला लावून ते चिमट्यात धरलं. घड्याळाच्या काट्याकडे बघावं तसं बघितलं.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "आणि ताजं. आजच रंधा फिरलेला दिसतोय."

"नाना, सूप निवतंय," ही जरा जोरातच म्हणाली.

"अरे हो, सूप," सासरेबुवा म्हणाले आणि कुसळ फुंकून टाकलं.

मला त्या सगळ्यात फक्त एकच गोष्ट दिसत होती: कुसळ! वकिलाच्या डोळ्यात कुसळ! कोर्टाची बाकं जुनी असणार, लगेच कपचे निघतात. प्रभूचा तो दाखला लहानपणापासून ऐकत आलो आणि आज तो माझ्या स्वयंपाकघरात, दिव्याखाली, कापसावर. सुचलेलं निसटायला नको म्हणून टेबलावरचा पहिला हाताला लागलेला पाठकोरा ओढला आणि बसल्या बैठकीला लिहून काढलं. डेस्कवरची सवय. कोरा कागद बघितला की माझा हात थिजतो. एका बाजूला काहीतरी छापून झालेला, पाठीमागे मोकळा असा कागद हवा. त्यावर चुकायला भीती वाटत नाही. सदतीस वर्षांत असे किती पाठकोरे भरले असतील, पण एकाचीही छापील बाजू मी कधी वाचलेली नाही. ती बातमी होऊन गेलेली असते.

हा कागद मात्र झकास होता. जाड, पेन घसरत जात होतं. एका कोपऱ्यात मागून कसलासा शिक्का उठला होता, तिथे अडखळून 'क्षमा'तला 'क्ष' वाकडा झाला, तेवढंच.

आज अकरा चाळीसला टायपिस्टबाईंच्या हातात दिला. वीस मिनिटं आधी!

रविवार, १६

कुसळ लोकांना आवडलं. पाळकसाहेब म्हणाले, "दुसऱ्याकडे नीट बघायचं असेल तर आधी स्वतःचा डोळा तपासा, हे तुम्ही छान उतरवलंय." मी नम्रपणे मान खाली घातली.

सोमवार, १७

सकाळी दात घासताना वकीलसाहेब पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

"बाबा, तुम्हाला दाखला मिळाला का?"

एवढी आपुलकीने चौकशी! तोंडात फेस, तरी बोललो. "अजून नाही गं. शोधतोय."

"शोधताय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठे?"

"सगळीकडे. कुठेही असू शकतो. आज तुझ्या खोलीतही बघावं म्हणतो."

ती वळली आणि गेली. तासभर तिच्या खोलीतून कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येत होते. आवरून ठेवत असावी, माझ्यासाठी. बाप खोलीत येणार म्हणून खोली आवरणारी मुलं आता राहिली कुठे?

बुधवार, १९

आज जे पाहिलं त्याने मी भारावून गेलो आहे. माझ्या सदरासाठी अख्खं घर कामाला लागलंय!

दुपारी डुलकी लागली होती. जाग आली तर स्वयंपाकघरात कुजबुज. "दाखला सापडला का गं?" सासरेबुवा विचारत होते. "नाही ना," ही म्हणाली, "गाद्यासुद्धा उलट्या करून झाल्या. अठ्ठावीसच्या आत मिळाला नाही तर गेलंच सगळं." "दुसरा मागून घे म्हणावं." "महिना लागतो म्हणे दुसऱ्याला." मग वकीलसाहेबांचा आवाज: "आणि बाबाही शोधतायत! त्यांना आधी मिळाला तर?"

"तर तो छापून येईल," सासरेबुवा म्हणाले.

मी डोळे मिटून पडून राहिलो. ही माणसं माझ्या मागे मला दाखला शोधून द्यायला धडपडतायत! अठ्ठावीस तारखेचं काय ते कळलं नाही. महिनाअखेरीचा विशेष अंक निघणार असेल. हिला असल्या गोष्टी माझ्याआधी कळतात.

थोड्या वेळाने उठून बाहेर गेलो. सासरेबुवा सोफ्याखाली टॉर्च घेऊन पालथे झोपलेले.

"नाना, राहू द्या हो," मी म्हणालो. "दाखला असा खाली वाकून मिळत नाही. तो आपल्यासमोरच असतो, आपलं लक्ष नसतं."

ते तसेच पालथे माझ्याकडे बघत राहिले. "जावईबापू," ते म्हणाले, "छापायचं नाही, पण तुमचं म्हणणं बरोबर असावं असं मला वाटायला लागलंय."

लगेच बसलो आणि लिहिलं. एका बाईचं एक नाणं हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते; तसंच आमच्या घरात सध्या सगळे मिळून दाखला शोधतायत, गाद्या उलटतायत, सोफ्याखाली टॉर्च मारतायत. मन भरून आलं होतं, त्यामुळे तीनशे चाळीस शब्द झाले. कापवेनात. तसेच दिले.

रविवार, २३

पत्रक वाटलं गेलं. मी शेवटच्या बाकावरून वाचणाऱ्यांचे चेहरे बघत होतो. माणसं गालात हसत होती. वकीलसाहेबांनी पत्रक वाचलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ते पोस्टाच्या तिकिटाएवढं होईपर्यंत घालत राहिल्या. टायपिस्टबाई वाचता वाचता एकदम थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शेवटच्या गीताआधीच उठून कार्यालयाकडे गेल्या. बाईंना गाताना मध्येच उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवार, २४

सावकाश लिहितो. आज मजकूर खूप आहे आणि त्यातलं काहीही द्यायचं नाही.

सकाळी अकराला दार वाजलं. टायपिस्टबाई. हातात मोठं पाकीट.

"तुमचा दाखला," त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"ज्याच्यासाठी तुम्ही सोफ्याखाली टॉर्च मारताय तो. कुसळाचा लेख याच्यावर लिहून आला होता. टाइप झाला की मूळ प्रत मी उभ्या खिळ्याला टोचून ठेवते, महिनाअखेरीला फेकते. टाइप करताना मी अक्षरं बघते, अर्थ नाही. काल तुमचं नीट वाचलं आणि आठवलं, तो कागद हाताला जाड लागला होता. आत जाऊन उलटून बघितला." मग जरा घुटमळल्या. "मी वरचीच ओळ वाचली हो. खालचं नाही. आणि कुणाला बोलले नाही. पाळकसाहेबांनासुद्धा नाही. तेवढं एक भोक पडलंय, त्याला आता इलाज नाही."

त्या गेल्यावर मी पाकिटातून कागद काढला. माझंच अक्षर. माझाच वाकडा 'क्ष'. आयुष्यात पहिल्यांदा मी एक पाठकोरा उलटा केला.

महाविद्यालय सोडल्याचा दाखला. विद्यार्थिनीचं नाव, जे मीच ठेवलं होतं. सोडल्याची तारीख, दोन महिन्यांपूर्वीची. सोडण्याचं कारण: स्वेच्छेने. खिळ्याचं भोक 'वडिलांचे नाव' या रकान्यावर पडलं होतं, बरोबर मधोमध.

मी खुर्चीत बसलो. जे वाटलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण दैनंदिनी कुणी छापत नाही. आधी राग आला. दोन महिने मी या पोरीला रोज सकाळी 'वकीलसाहेब' म्हणत होतो आणि ती 'हो बाबा' म्हणत होती. बायकोला माहीत. नानांना माहीत. दाखला, दाखला करत सगळं घर माझ्या डोळ्यांदेखत उलटंपालटं झालं आणि मी त्यावर तीनशे चाळीस शब्द लिहिले.

आणि मग, याची मला लाज वाटते, राग असतानाच सदराचं पुढचं मनन सुचायला लागलं. आपोआप. प्रभूच्या दाखल्यातला घर सोडून गेलेला मुलगा, वाट बघणारा बाप, आणि आजच्या काळातली एक मुलगी. सुरुवात सुचली, शेवट सुचला, मथळासुद्धा सुचला. आजवरचं सगळ्यात चांगलं झालं असतं. पेन शोधायला हात पुढे गेला. कागद समोर होता, पण तो दोन्ही बाजूंनी भरलेला. आणि पुन्हा उलटला तर माझ्याच अक्षरात माझंच वाक्य: दुसऱ्याकडे नीट बघायचं असेल, तर आधी स्वतःचा डोळा तपासावा.

मला हसू आलं. एकट्या माणसाला येतं तसं, आधी नाकातून. मग मोठ्याने. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं कुठलं हसण्याचं होतं आणि कुठलं नव्हतं, ते सांगता येणार नाही. प्रार्थना करायची म्हणून हात जोडले. शब्द फारसे आले नाहीत. "प्रभू, तू हे माझ्याच अक्षरात लिहून घेतलंस," एवढंच म्हणालो. "आता मला नीट बघू दे."

सासरेबुवा खिडकीशी एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"नाना, छापायचं नाही," मी म्हणालो. हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. "ती दिवसभर असते कुठे?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. डोळ्याचं भिंग काढलं. माझ्या हातातला कागद बघितला.

"रागावून जाणार असाल तर पत्ता मला आठवत नाही. वय झालं."

"रागावून नाही जात."

"लाकडाच्या वखारीमागे, निळं दार. सुतारकाम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे. त्या म्हणतात हात चांगला आहे पोरीचा. पुढे सुतारकामाच्या संस्थेत दोन वर्षांचं शिक्षण, तिथे हा कागद लागतो, अठ्ठावीसपर्यंत." मग ते जरा पुढे वाकले. "जावईबापू, प्रभूने सुतारकाम सोडून उपदेश धरला. आपल्या पोरीने कायदा सोडून सुतारकाम धरलं. घराणं तेच आहे, जाण्यायेण्याची दिशा तेवढी वेगळी."

दाखल्यातला बाप मुलाला लांबून बघून धावत सुटतो. मी दोन बस बदलून गेलो. पण थांब्यापासून पुढे बऱ्यापैकी भरभर चाललो. रस्ताभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती: ती तर कुठे गेलीच नव्हती. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून सूप पीत होती.

निळं दार उघडंच होतं. आत एक लांब टेबल, खाली भुशाचा ढीग, आणि टेबलाशी आमच्या वकीलसाहेब. केस रुमालात बांधलेले, दोन्ही हात रंध्यावर. ती सगळं अंग पुढे झुकवून रंधा ढकलत होती आणि लाकडाची पातळ साल वळत वळत वर येऊन खाली पडत होती. मी तिला पुस्तकावर असं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही.

शिकवणाऱ्या सुतारबाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय हवंय?"

"माझी मुलगी," मी म्हणालो. "म्हणजे, तिचा एक कागद द्यायचाय."

रंधा थांबला.

तिने कागद घेतला. पुढून बघितला, मागून बघितला. मग भोकातून माझ्याकडे बघितलं. लहानपणी ती अशी पावाच्या भोकातून बघायची.

"तुम्ही याच्यावर कुसळ लिहिलंत," ती म्हणाली.

"हो."

"बाबा, याच्यावर कुसळ!" आणि ती हसायला लागली. मग एकदम थांबली. "रागावलात?"

"वीस मिनिटं. मुदतीत उरकलं."

"मी सांगणार होते. प्रवेश पक्का झाला की."

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर रविवारी बेकरीवाल्या काकांनी मला पायरीवर विचारलं असतं."

"मी लिहिलं नसतं."

"बाबा."

"लिहिलं असतं," मी म्हणालो.

सुतारबाईंनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. ते पोरीनेच केलं होतं, पहिलंच. तीन पायांचं, जरा डुगडुगतं. तिने मला जोड दाखवला: एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, खिळा नाही, डिंक नाही. "बसवायच्या आधी दहादा मोजायचं," ती म्हणाली. "कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर संपलं." मी सदतीस वर्षं कापण्यात घालवलेला माणूस. इथे एक मनन होतं, धडधडीत समोर. मी ते स्टुलाखाली तसंच राहू दिलं.

"आता वकीलसाहेब म्हणू नका हं," निघताना ती म्हणाली. मग दोन पावलांवर थांबली. "किंवा म्हणा. सवय झालीय."

संध्याकाळी हिला विचारलं, तुला कधीपासून माहीत? "पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "अहो, मी मुलांच्या वॉर्डात काम करते. पोर गप्प झालं की मी आधी हात बघते."

मीही बघितले होते. मला पुस्तकं जड वाटली.

गुरुवार, २७

सकाळी नऊपर्यंत कागद रिकामा. घरात या आठवड्यात जे काही घडलं, ते सगळंच 'छापायचं नाही' या सदरातलं. साडेनऊला ठरवलं, स्वतःचं लिहायचं. एक म्हातारा उपसंपादक, जन्मभर पाठकोरे वापरतो आणि दुसरी बाजू कधी वाचत नाही. एकदा वाचावी लागते. तिथे काय होतं ते सांगायचं नाही. फक्त तिथे कुणीतरी होतं, एवढं. दोनशे नव्वद शब्द झाले.

मग एक गोष्ट केली जी डेस्कवर कुणाच्या बापाला करू दिली नसती. कागद आणि लाल पेन मुलीसमोर ठेवलं. "छापू का?"

आज ती उशिरा निघणार होती. तिने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मग पेन उचललं आणि शेवटच्या परिच्छेदावर सरळ रेघ मारली.

"अगं, तोच तर धडा आहे!"

"म्हणूनच. दर वेळी शेवटी तुम्ही लोकांना बोट धरून घरी सोडता. त्यांना घर माहीत असतं, बाबा."

"शंभर शब्द गेले."

"जास्त कापलं का?"

मी पुन्हा वाचून बघितलं. डुगडुगत नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "बसलं."

अकरा पंचावन्नला कार्यालयात पोहोचलो. यावेळी मुद्दाम दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर. टायपिस्टबाईंनी हातात घेतल्या घेतल्या उलटून बघितला, मग माझ्याकडे बघून मान डोलावली. पाळकसाहेब आतून म्हणाले, पानाचा खालचा भाग मोकळा राहतोय, एखादी सूचना टाकू का? "राहू दे मोकळा," मी म्हणालो.

दाखल्याचं मात्र अजून काही खरं नाही. माझी शाई पुसायला गेलं तर शिक्का जातो, भोक बुजवायला गेलं तर वडील जातात. सासरेबुवांचं मत आहे की तिथला कारकून कागद कशाला उलटतोय, सरळ घेऊन टाकेल. हिचं मत आहे की तो उलटेल, वाचेल आणि नाकारेल. सुतारबाईंनी निरोप पाठवलाय की नाकारला तर त्या स्वतः येऊन भांडतील. जेवताना सगळ्यांनी मिळून त्या कारकुनासाठी प्रार्थना केली, कुणालाही त्याचा चेहरा माहीत नसताना.

उद्या नऊला प्रवेशाची खिडकी उघडते. मी बरोबर येऊ का, असं विचारलं. "या," म्हणाली, "तुमचंही अक्षर आहे त्याच्यावर." कारकुनाने कागद उलटलाच, तर दोन्ही बाजू वकीलसाहेब मांडणार आहेत. मी शेजारी गप्प उभा राहायचं, असं ठरलं आहे.